सोळावी सवाष्ण

पुरणपोळ्यांचा डबा सत्यशीलाबाईंनी मांडीवरच धरला होता. जावयाने गाडीतल्या फ्रीजमध्ये ठेवायचं दोनदा सुचवलं, पण त्या ऐकेनात.

"नैवेद्याचं आहे ते, इंद्रजीतराव. फ्रीजमध्ये याआधी कोणी काय काय ठेवलं असेल."

"आई, मी धुऊन घेतलाय तो. आत फक्त पाणी आहे."

"असू द्या. मांडीवर काही जड होत नाही."

गाडी म्हणजे कॅराव्हॅन. तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलेली. आत दोन पलंग, छोटा ओटा, बेसिन आणि मागे न्हाणीघर. सकाळी धायरीच्या त्यांच्या सोसायटीत ती पांढरी, उंच, बंद काचांची गाडी येऊन उभी राहिली, तेव्हा वॉचमनने हळू आवाजात विचारलं होतं, "कोणाला न्यायचंय?" सगळे हसले. सत्यशीलाबाईंनी मात्र मनातल्या मनात देवीचं नाव घेतलं.

"आमच्या लहानपणी संडास घराबाहेर होता म्हणून लाज वाटायची," खिडकीशी बसलेले त्यांचे यजमान, अभयराव, म्हणाले. "आता संडास घेऊन गावभर फिरायचं. प्रगती आहे."

मागच्या पलंगावर आडवी झालेली तनया खुदकन हसली. लेकीचं ते हसू ऐकून सत्यशीलाबाईंना बरं वाटलं. ही सहल तिच्यासाठीच तर होती. लग्नाला सहा वर्षं झालेली, दोन वेळा तिसऱ्या महिन्यातच सगळं संपलेलं. या वेळी पाचवा महिना नीट पार पडत होता. डॉक्टरांनी सांगितलं, हळूहळू फिरवा, जरा मोकळी हवा लागू द्या. चार महिने छताकडे बघून पोर कोमेजून गेली होती.

तिच्यासाठीच सत्यशीलाबाईंनी आषाढात सोळा शुक्रवार धरले होते. सासूबाईंकडून आलेला वसा. दर शुक्रवारी एक सवाष्ण जेवायला घालायची, तिची ओटी भरायची. तिने ओटीतले पाच दाणे सुपात माघारी ठेवायचे, म्हणजे घरचं घरात राहतं. ते पाच दाणे पुरचुंडीत बांधून देवापाशी ठेवायचे. सोळा सवाष्णींचे ऐंशी दाणे झाले की त्यांची खीर करून जिच्यासाठी वसा घेतला तिला खाऊ घालायची. नियम चारच. एकदा आलेली सवाष्ण पुन्हा चालत नाही. दिवेलागणीच्या आत जेवण व्हावं लागतं. आणि सवाष्ण लेकुरवाळी हवी, तिच्या मांडीवर तिचं जितंजागतं मूल खेळलेलं हवं. ती जेवेपर्यंत आपण उपाशी राहायचं.

पुरचुंडीत पंचाहत्तर दाणे जमले होते. आज सोळावा शुक्रवार. ठरवलेली सवाष्ण, समोरच्या इमारतीतल्या दामलेबाई, काल संध्याकाळी तापाने पडल्या. आणि गाडीचं बुकिंग महिन्यापूर्वीचं.

"वाटेत कोणीतरी भेटेल," असं म्हणून सत्यशीलाबाईंनी पोळ्या, केळीचं पान, नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकू आणि लहानसं सूप असं सगळं पिशवीत भरलं. देवी अडवत नाही कुणाला, असा त्यांचा साठ वर्षांचा अनुभव होता.

निघताना जिन्यात फिनाइलचा वास भरून राहिला होता. नवी बाई फरशी पुसत होती. सत्यशीलाबाई कडेकडेने उतरल्या आणि नको ते आठवलंच.

भाद्रपदापर्यंत हा जिना उल्का पुसायची. चोविशीची पोर, बोटं पाण्याने आणि फिनाइलने पांढरी पडून सुरकुतलेली. तिचीही दोन गेलेली, तिसऱ्याला सातवा लागलेला. श्रावणातल्या एका शुक्रवारी तिने बादली खाली ठेवून विचारलं होतं, "काकू, दर शुक्रवारी पुरणाचा वास येतो बघा. मला पण बसवा की एकदा पानावर. माझी वटी कुणीच भरली नाय अजून."

सत्यशीलाबाईंचा जीव कळवळला होता. पण लेकुरवाळी नव्हती ना ती. तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यांनी तिच्या दंडावरून हात फिरवला आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "पुढच्या शुक्रवारी बघू हं."

मग कागदात दोन पोळ्या बांधून दिल्या. पुढच्या शुक्रवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. असे पाच शुक्रवार गेले. सहाव्या शुक्रवारी जिना पुसायला कोणी आलंच नाही. गणपती विसर्जनाच्या गर्दीत दवाखान्यात नेणारी रिक्षा अडकली आणि उल्का पोटातल्या जिवासकट वाटेतच गेली. सत्यशीलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. देवापुढे बसून खूप रडल्या. आणि संध्याकाळी ठरलेल्या सवाष्णीची ओटी भरली, कारण घेतलेला वसा मध्येच टाकता येत नाही.

सामान भरून निघायलाच दुपार झाली होती. कात्रजचा घाट चढून गाडी डावीकडे वळली तेव्हा तीन वाजून गेले होते. डोंगराच्या कुशीत भलीमोठी कमान होती, 'मागलं गाव'. खाली लिहिलेलं, 'या, शंभर वर्षं मागे.'

"शंभर वर्षांपूर्वीचं गाव, माणशी सातशे रुपये," अभयराव फलक वाचत म्हणाले. "असल्याच गावातून मी एसटीच्या टपावर बसून पळून आलो होतो. तेव्हा कोणी तिकीट मागितलं नव्हतं."

"बाबा, रिव्ह्यूज वाचा ना," इंद्रजीत म्हणाला. "एकदम ऑथेंटिक आहे. घरांची लाकडंसुद्धा खऱ्या जुन्या घरांची आहेत."

"मग त्या खऱ्या घरांतली माणसं कुठे ठेवली आहेत? तीही बघायला मिळतात का?"

तनया दमली होती. तिला पलंगावरच झोपवून, खिडकीची फट ठेवून तिघं आत गेले. गाडी कमानीच्या बाहेर चिंचेखाली उभी होती, शंभर पावलांवर.

आत सगळं होतं. चावडी, लोहाराचा भाता, शाळा, पाटावर बसून भाकरी थापणाऱ्या बाया. लोहाराच्या कानात ब्लूटूथ होतं. पाटील फेटा सावरत वायफायचा पासवर्ड सांगत होते. पर्यटक म्हणून आलेली तरुण पोरं जात्याशी बसून फोटो काढत होती. अभयराव आणि जावई भात्यापाशी रेंगाळले, तशा सत्यशीलाबाई पिशवी घेऊन पुढे निघाल्या. ऊन कलायला लागलं होतं. सकाळपासून पोटात पाण्याखेरीज काही नव्हतं. पण त्यांना भूक कळत नव्हती, नुसता घड्याळाचा काटा कळत होता.

भाकरीच्या चुलीपाशी पन्नाशीची एक बाई होती. नऊवारी, हातभर हिरव्या बांगड्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. सत्यशीलाबाईंनी तिचं नाव विचारलं, मुक्ताबाई. जवळच्याच गावची. मुलगे दोन, नातवंडंही. सत्यशीलाबाईंचे डोळे भरून आले.

"मुक्ताबाई, माझ्या पानावर बसाल का आज? सवाष्ण म्हणून?"

मुक्ताबाईंचा थापणारा हात थांबला. त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी न्हाय चालायची ताई. मालक जाऊन अकरा वर्सं झाली. हे ड्युटीचं कुंकू हाय. धा वाजता लावायचं, सा वाजता पुसायचं."

"असू दे हं," सत्यशीलाबाई पुटपुटल्या. हात आपोआप पिशवीकडे मागे आला.

"ती पलीकडची पोर कॉलेजातली हाय, बिनलग्नाची. बाकी आज कोण न्हाय. शुक्रवारची मान्सं कमी लावत्यात." भाकरी तव्यावर टाकत मुक्ताबाई म्हणाल्या, "देवाला कशापायी एवढी पारख करावी लागती, कुणास ठावं."

तो टोला होता की नुसतंच बोलणं, हे सत्यशीलाबाईंना कळलं नाही. त्या पुढे चालत राहिल्या. गल्ली अरुंद होत गेली. पर्यटकांचा आवाज मागे पडला. डोंगराची सावली घरांवरून खाली सरकत होती. पाच वाजून गेले होते. पंचाहत्तर दाणे डोळ्यांपुढे आले. लेकीचं झोपलेलं तोंड आलं. इतके दिवस ओंजळीत धरलेलं पाणी शेवटच्या पायरीवर सांडणार होतं.

आणि तेव्हाच जात्याची घरघर ऐकू आली.

गल्लीच्या टोकाला शेवटचं घर. मातीने लिंपलेली भिंत आणि मधोमध जुनी सागवानी चौकट. वरच्या पट्टीवर तेल पिऊन काळी झालेली स्वस्तिकं, उंबऱ्यात ठोकलेला घोड्याचा नाल. आत गच्च काळोख. उन्हातून आल्यावर वाटतो त्यापेक्षाही जास्त.

"घरात कोणी आहे का?"

जातं थांबलं.

"हाय की."

आवाज तरुण होता, जरा घोगरा, पुष्कळ दिवसांत बोलायची सवय नसल्यासारखा. सत्यशीलाबाई उंबऱ्याबाहेरच टेकल्या. डोळे काळोखाला सरावले, तशी आत बसलेल्या बाईची कड दिसली. डोक्यावरून पुढे ओढलेला पदर, उंबऱ्याजवळ टेकलेला एक हात. चेहरा नाहीच.

"बाई, राग मानू नका, पण खरं सांगा. तुम्ही सवाष्ण आहात ना? ड्युटीचं कुंकू नकोय मला."

"मालक हाय." मग पदर आणखी पुढे ओढत, "त्येला काय हुतंय."

"आणि मुलंबाळं?"

आत कुठेतरी पाण्याचा थेंब पडला.

"एक हाय... अजून यायचंय."

सत्यशीलाबाईंचा हात डब्याच्या झाकणावरच थांबला. मांडीवर खेळलेलं नाही. म्हणजे लेकुरवाळी नाही. त्यांनी मागे वळून पाहिलं. ऊन समोरच्या कौलावर चार बोटं उरलं होतं. पोटात आहे म्हणजे आहेच की, त्या मनाशी म्हणाल्या. देवीला का कळत नाही आईची अडचण? नियम काय, माणसासाठीच असतात.

"चालेल हो," त्या म्हणाल्या. "बसा तुम्ही. मी पान मांडते."

"आज... चालतंय व्हय?"

ड्युटीवर जेवलेलं चालतं का, असं विचारते आहे बिचारी, असं त्यांना वाटलं. "चालतं, चालतं," त्या घाईने म्हणाल्या आणि उंबऱ्यावरून केळीचं पान आत सरकवलं. पुरणपोळी, वर तूप, बटाट्याची भाजी, कोशिंबीर. हात आला आणि घास उचलून काळोखात घेऊन गेला. पुन्हा आला. किती भूक होती त्या हाताला! दुसरी पोळी, तिसरी, चौथी. सवाष्णीला पुरे म्हणायचं नसतं. सत्यशीलाबाई वाढत राहिल्या. डबा रिकामा झाला तेव्हा त्यांचं लक्ष बोटांकडे गेलं. टोकं पांढरी पडलेली, सुरकुतलेली. कामाची बाई, त्या मनात म्हणाल्या. दिवसभर पाण्यात हात.

मग कुंकू लावायला त्या उंबऱ्यावरून वाकल्या. बोट कपाळाला टेकलं. कपाळ ओल्या फरशीसारखं गार होतं. आतून फिनाइलचा वास आला. इथली जमीन सारवलेली नसून पुसलेली असेल. असले देखावे, त्यांना वाटलं, आणि त्यांनी ओटीचं सूप पुढे केलं. पदर पसरला गेला. खण, नारळ, हळकुंड, सुपारी, ओंजळ-ओंजळ तांदूळ. पदरात तांदूळ पडताना एरवी जी बारीक सळसळ होते, ती झाली नाही.

"माझ्या लेकीसाठी आशीर्वाद द्या, बाई. सगळं नीट होऊ दे तिचं."

"व्हईल की. आता मी हाय."

"आणि पाच दाणे माघारी ठेवा सुपात."

सूप तसंच पुढे धरलेलं. आत पदर आवळल्याचा आवाज.

"ठेवते," काळोख म्हणाला. "तुमच्या लेकीपाशी ठेवते."

लेक इथे आली आहे, हे आपण कधी सांगितलं? सत्यशीलाबाई विचारणार होत्या. पण जातं पुन्हा फिरायला लागलं. आता दाणे नसलेलं जातं, दगडावर नुसता दगड. त्या उठल्या. ऐकण्यात चूक झाली असेल. उपास, त्या स्वतःला म्हणाल्या. उपासच तो.

गल्लीच्या वळणावर मुक्ताबाई भेटल्या. कामावरून सुटून ओल्या फडक्याने कपाळ पुसत येत होत्या.

"गावली का सवाष्ण, ताई?"

"मिळाली हो. त्या शेवटच्या घरातली. पोटभर जेवली अगदी."

मुक्ताबाईंचा फडक्याचा हात कपाळावरच राहिला. "शेवटच्या?"

"जात्यावर बसते ती."

"ताई... त्या घराला घर न्हाय."

मुक्ताबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना मागे नेलं. उतरत्या उजेडात सत्यशीलाबाईंनी पाहिलं. चौकट तीच, स्वस्तिकं तीच, नाल तोच. आणि चौकटीच्या आत काळा रंग दिलेला पत्रा, चारी बाजूंनी खिळ्यांनी ठोकलेला. मुक्ताबाईंनी बोटांनी वाजवून दाखवला. मागे डोंगराची माती होती.

"फोटोपुरतं हाय ह्ये," त्या म्हणाल्या. "चौकट मातर खरी. आमच्या गावातल्या गेनबाची. प्लाटिंगात घर गेलं चार वर्सांमागं, तवा ह्यांनी चौकट इकत घेतली. इथं पाटी लावली, शंभर वर्सं जुनी. गेनबाची पोरगी आली हुती एकदा बघायला, पोट घेऊन. माह्याराच्या उंबऱ्यावर बसून भाकरी खाते म्हनली. तर तिकीट मागितलं तिला." मुक्ताबाईंनी पत्र्यावरचा हात मागे घेतला. "तिकडं धायरीला जिनं पुसायची कुटंतरी. उल्का तिचं नाव."

उंबऱ्यापाशी केळीचं पान पडलं होतं. पुसून घेतल्यासारखं स्वच्छ. नारळ नव्हता, खण नव्हता, तांदळाचा एक दाणा नव्हता. पत्र्यावर मात्र माणूस बसला तर जिथे त्याचं कपाळ येईल, तिथे एक ओलं, ताजं कुंकवाचं बोट होतं.

आज... चालतंय व्हय?

सत्यशीलाबाई धावत सुटल्या. साठ वर्षांत कधी धावल्या नव्हत्या तशा. चावडीपाशी अभयराव म्हणाले, "अगं, शंभर वर्षं एवढ्या घाईने पुढे येऊ नकोस," पण त्या थांबल्या नाहीत. कमान, चिंच, पांढरी गाडी. दार त्यांनीच ओढलं.

आतला दिवा लागलेला नव्हता. तनया पलंगावर कुशीवर झोपलेली, श्वास संथ, गालांवर कधी नव्हे तो रंग. सत्यशीलाबाई तिच्या पायाशी बसल्या. हात जोडले. देवी, माझं काय व्हायचं ते होऊ दे...

मग त्यांना वास आला. गाडीच्या आत, इतक्या जवळ. जिन्यात सकाळी येतो तो.

तनयाचा उजवा हात पोटावर होता. मूठ घट्ट मिटलेली. बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, दिवसभर पाण्यात भिजल्यासारखी. सत्यशीलाबाईंनी एक बोट उघडलं. मग दुसरं. तळव्यावर तांदळाचे दाणे होते, कुंकवाने लालसर झालेले. त्यांनी मोजले. पाच.

"तनू," त्या कुजबुजल्या. "बाळा, ते दाणे दे मला. पुरचुंडीत ठेवायचे आहेत... दे हं."

तनयाने डोळे उघडले नाहीत. पण ती हसली. दुसऱ्या हाताने तिने आईच्या दंडावरून मायेने हात फिरवला, आणि दाण्यांवर एकेक बोट पुन्हा मिटत गेलं.

"पुढच्या शुक्रवारी बघू हं," ती गोड आवाजात म्हणाली.